डिक्शनरीत दिसतंय, पण सापडत नाही!

निद्रानाश (धागाकर्ता)

मंडळी, दोन रात्री डोकं आपटून झालं, आता इथे आलोय. पायथन ३.११.

सुट्या भागांच्या साठ्याचा एक छोटा प्रोग्रॅम आहे. मूळ माझा नाही, वारशाने आलाय. त्यात 'भाग' नावाचा क्लास आहे. त्याची ओळख दोन गोष्टींवरून ठरते, क्रमांक (स्ट्रिंग) आणि आवृत्ती (पूर्णांक). डंडर ईक्यूमध्ये (समानता ठरवणारी मेथड; डंडर म्हणजे नावाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन अंडरस्कोर) लिहिलंय की दोन्ही जुळले तर भाग समान. डंडर हॅशसुद्धा आहे, तो या दोन्हींचा टपल (न बदलणारी यादी) करून त्याचा हॅश (वस्तूवरून काढलेला आकडा) परत देतो. हे भाग 'साठा' नावाच्या डिक्टमध्ये (डिक्शनरीत) की म्हणून, म्हणजे शोधायची खूण म्हणून बसतात, व्हॅल्यू म्हणजे नगसंख्या.

आता गंमत बघा. साठा प्रिंट केला तर भाग समोर दिसतो, नगसंख्येसकट. पण 'भाग इन साठा' विचारलं तर फॉल्स. चौकटी कंसात घालून मागितला तर की-एरर. साठ्याची लिस्ट करून तिच्यात 'इन' विचारलं तर ट्रू! आणि सगळ्यात डोकं फिरवणारी गोष्ट म्हणजे प्रोग्रॅम बंद करून परत चालू केला, इनपुट तेच, तर एखाद्या वेळी सगळं सुरळीत चालतं. पुढच्या वेळी पुन्हा फॉल्स.

इंटरप्रिटरमधला बग म्हणावं एवढी माझी लायकी नाही, हे माहीत आहे. मग हे काय आहे?

टिंबटिंब

काखेत कळसा नि गावाला वळसा.

(तांत्रिक मदत शून्य, पण वाचनखूण साठवली आहे.)

बाळबोध

क्रमांकाच्या स्ट्रिंगमध्ये शेवटी स्पेस आहे का बघा. माझा एक अख्खा आठवडा एका अदृश्य स्पेसने खाल्ला होता.

निद्रानाश

@बाळबोध, तेच पहिलं तपासलं. आणि प्रश्नच उद्भवत नाही, कारण मी साठ्यावर लूप फिरवून त्यातूनच भाग बाहेर काढतो आणि लगेच पुढच्या ओळीत त्याच ऑब्जेक्टसाठी 'इन' विचारतो. आयडी तोच. म्हणजे डिक्टने स्वतःच्या हाताने दिलेली वस्तू डिक्ट ओळखत नाही.

अर्धविराम

एकच प्रश्न: भाग साठ्यात टाकल्यानंतर त्याची आवृत्ती कुठे बदलली जाते का?

उत्तर 'हो' असणार असं धरून चालतो, म्हणून आधीच सांगून टाकतो.

डिक्ट तुमची की शोधत नाही, की कुठे असायला हवी ते मोजतो आणि तिथे जाऊन बघतो. समजा तुमचा पहिला भाग आहे, डिक्टच्या तक्त्यात ८ खाने आहेत (रिकाम्या डिक्टमध्ये पहिली वस्तू टाकली की एवढेच मिळतात). भाग टाकताना पायथन त्याचा हॅश काढतो. तो एक लांबलचक पूर्णांक असतो. ८ खाने असतील तर त्याचे शेवटचे तीन बिट घेतले जातात. ते आले १०१, म्हणजे पाच. झालं, भाग पाच नंबरच्या खान्यात. शेजारी तो अख्खा हॅशही लिहून ठेवला जातो.

मग कोणीतरी आवृत्ती १ ची २ केली. भाग होता तिथेच आहे, पाचव्या खान्यात, आणि डिक्टला या बदलाची काहीच खबर नाही. आता तुम्ही 'इन' विचारता. पायथन हॅश नव्याने काढतो, आवृत्ती २ धरून. शेवटचे तीन बिट आले ०१०. तो दोन नंबरच्या खान्यात डोकावतो, खाना रिकामा. रिकामा खाना लागला की शोध संपला, फॉल्स. पाचव्या खान्याकडे तो बघतसुद्धा नाही, बघायचं कारणच नाही त्याला.

प्रिंट करताना मात्र हॅशचा संबंध नसतो, सगळ्या नोंदी ओळीने छापल्या जातात. म्हणून दिसतं. लिस्टचं तसंच. तिथे एकेक वस्तू घेऊन 'हीच का?' असं तुलना करत जातात, म्हणून ट्रू.

निद्रानाश

दंडवत घ्या. आहे, आवृत्ती बदलते! मंजुरी मिळाली की एका कोपऱ्यातल्या फंक्शनमध्ये भाग.आवृत्ती += १ केलंय. ती ओळ मी दहा वेळा वाचली असेल, पण तिचा डिक्टशी संबंध असेल हे डोक्यातही आलं नाही.

पण मग 'कधीकधी चालतं' त्याचं काय? आवृत्ती तर दर वेळी बदलते.

जुनाखोड

हे असले चोचले करायलाच कशाला हवेत? डिक्टची की नेहमी साधी स्ट्रिंग ठेवावी. क्रमांक, मधे रेघ, आवृत्ती. संपला विषय. वीस वर्षं कोड लिहितोय, ऑब्जेक्टला की करायची गरज एकदाही पडली नाही. नव्या लोकांना डंडर मेथड दिसली की हात शिवशिवतात.

सी_शार्पनखा

@जुनाखोड काका, आदर ठेवून असहमत. क्रमांकातच रेघ असली की काय कराल? 'अ-१' ची आवृत्ती २ आणि 'अ' ची आवृत्ती '१-२', दोन्हींची स्ट्रिंग एकच होणार. आवृत्ती आज पूर्णांक आहे, उद्या कोणी तिची स्ट्रिंग केली की गेलात. मी असा गोंधळ निस्तरलाय, दोन वेगळ्या ग्राहकांच्या नोंदी एका कीखाली गेल्या होत्या. स्ट्रिंग जोडून की बनवणं म्हणजे स्वतःचा हॅश स्वतः, वाईट पद्धतीने लिहिणं. टपल वापरा ना! त्याला हॅश आहे, समानता आहे, आणि कोणी मागून बदलू शकत नाही.

जुनाखोड

टपलमध्ये लिस्ट ठेवली तर?

सी_शार्पनखा

तर तो अनहॅशेबल म्हणून तिथेच ओरडतो, आणि ओरडतो हेच बरं. निद्रानाश यांचा कोड गप्प राहिला म्हणून तर दोन रात्री गेल्या.

जुनाखोड

हा मुद्दा मान्य. बाकी स्ट्रिंगवर ठाम आहे.

अर्धविराम

आता 'कधीकधी'चं. या धाग्यातला खरा मजेशीर भाग हाच आहे.

दोन गोष्टी एकत्र येतात. पहिली म्हणजे स्ट्रिंगचा हॅश पायथनमध्ये दर प्रोसेसला वेगळा असतो. सुरुवातीला एक यादृच्छिक बीज निवडलं जातं आणि ते हॅशमध्ये मिसळतं. तुमच्या टपलमध्ये क्रमांकाची स्ट्रिंग आहे, म्हणजे टपलचा हॅशही दर वेळी नवा, म्हणजे खानाही नवा.

दुसरी गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. खान्यात काही सापडलं की सीपायथन (पायथनचा नेहमीचा, सी भाषेत लिहिलेला इंटरप्रिटर) सर्वात आधी 'हा तोच ऑब्जेक्ट आहे का' एवढंच बघतो, म्हणजे पत्ता जुळतो का. जुळला तर सापडला, विषय संपला, साठवलेला हॅश तपासलाही जात नाही. पत्ता नाही जुळला तर साठवलेला हॅश जुळतो का, आणि तो जुळला तरच डंडर ईक्यूला हाक.

आता जोडून बघा. जुना हॅश आणि नवा हॅश वेगळे आहेत, पण त्यांचे शेवटचे तीन बिट योगायोगाने एकच आले तर? पायथन योग्य खान्यात पोचतो, समोर तोच ऑब्जेक्ट, सापडला! ८ खाने असतील तर कोणत्याही दोन हॅशचे शेवटचे तीन बिट जुळण्याची शक्यता ढोबळमानाने ८ पैकी १. म्हणून काही वेळा तुमचा प्रोग्रॅम चालतो, आणि तो चालतो हे जास्त वाईट.

मगाशी उत्सुकता म्हणून तसाच क्लास लिहिला, साठ्यात पाच भाग टाकले आणि शंभर वेळा नवी प्रोसेस चालू करून मोजलं. काही वेळा ट्रू आलं. पर्यावरणातला पायथनहॅशसीड (ते बीज ठरवणारं सेटिंग) शून्य ठेवून परत चालवलं, तर शंभरही वेळा एकच उत्तर. घरी करून बघा.

@निद्रानाश, तुमच्या साठ्यात साधारण किती भाग असतात?

निद्रानाश

चाळीसेक.

अर्धविराम

मग ६४ खाने. तक्ता सुमारे दोन तृतीयांश भरला की वाढवला जातो. ८ खान्यांत ५ नोंदी, सहावी आली की १६ खाने, मग ३२, मग ६४. ६४ मध्ये ४२ मावतात, चाळीस म्हणजे काठोकाठ. अशा दाटीत पहिला खाना दुसऱ्याच भागाने व्यापलेला असण्याची शक्यता मोठी. मग पुढचा खाना बघतात. शेजारचाच नाही बरं का, चालू क्रमांकाची पाचपट अधिक एक, आणि त्यात हॅशचे वरचे बिट हळूहळू मिसळत जातात. रिकामा खाना लागेपर्यंत ही वणवण चालते, आणि त्या वाटेत तुमचा हरवलेला भाग योगायोगाने भेटू शकतो.

बाळबोध

एक बाळबोध शंका. हॅश तर एकमेव असतो ना? दोन वेगळ्या गोष्टींचा हॅश एकच येत नाही असं शिकवलं होतं आम्हाला.

कंसातला

ज्याने शिकवलं त्याला पायथनमध्ये उणे एक आणि उणे दोन यांचे हॅश छापायला सांगा. दोन्ही उणे दोन. :)

कारण असं की सीपायथनच्या आत, सी भाषेतल्या कोडमध्ये, हॅश काढणाऱ्या फंक्शनने उणे एक परत केलं तर त्याचा अर्थ 'काहीतरी चुकलं' असा ठरलेला आहे. म्हणून खराखुरा हॅश उणे एक आला तर तो गुपचूप उणे दोन केला जातो. तरी दोन्ही आकडे एका डिक्टमध्ये सुखाने नांदतात, कारण शेवटचा निवाडा समानतेचा. नियम एकतर्फी आहे: समान असतील तर हॅश सारखाच हवा. हॅश सारखा असला म्हणून वस्तू समान होत नाहीत.

बाळबोध

अरे बापरे. करून पाहिलं, खरंच आहे. अजून आहेत का असे?

कंसातला

भरपूर. १, १.० आणि ट्रू, तिन्ही समान, म्हणून तिघांचा हॅश १. एका डिक्टमध्ये या क्रमाने टाका, शेवटी एकच नोंद उरते: की पहिली, म्हणजे पूर्णांक १, आणि व्हॅल्यू शेवटची. कारण सापडलेली की बदलत नाहीत, फक्त व्हॅल्यू बदलतात.

६४ बिटच्या पायथनमध्ये पूर्णांकाचा हॅश म्हणजे दोनाचा ६१ वा घात वजा एक या मूळ संख्येने भागून उरलेली बाकी. म्हणून त्या संख्येचा स्वतःचा हॅश शून्य. आणि अनंताचा, म्हणजे फ्लोटमधल्या इन्फिनिटीचा हॅश? ३१४१५९. कोणीतरी पाय घालून ठेवलाय तिथे.

टिंबटिंब

पाय म्हणजे π ना? की खरोखर पाय अडकवून ठेवलाय?

कंसातला

दोन्ही.

वाचनमात्र

बरेच दिवस नुसता वाचत होतो, आज राहवलं नाही. हॅशिंगला मराठी शब्द काय? मूळ वस्तूचा चुरा करून त्यातून आकडा काढायचा, तेव्हा 'कुटणे' कसं वाटतं?

टिंबटिंब

कुटाणा. निद्रानाश यांचा अनुभव पाहता दुसरा शब्द शोधू नये.

सी_शार्पनखा

कुटाणा +१

जावेद_जावा_नाही_जावा

आमच्या जावातही हाच कुटाणा आहे. हॅशमॅपमध्ये की टाकून मग ती बदललीत तर हेच भोग. फरक एवढाच की जावात टक्कर झालेल्या (एकाच खान्यावर आलेल्या) नोंदी एकाच बकेटमध्ये, म्हणजे खान्यात, साखळीने लटकतात, पायथनसारख्या दुसऱ्या खान्यात जात नाहीत. २०१४ च्या जावा ८ पासून एका बकेटमधली साखळी आठच्या पुढे गेली की (आणि तक्ता निदान ६४ चा असला की) तिचं लाल-काळं झाड करतात, म्हणजे शोध फार रखडत नाही.

आणि जावाच्या स्ट्रिंगचा हॅश अजूनही जगजाहीर आहे: चालू बेरीज गुणिले ३१ अधिक पुढचं अक्षर. कागदावर टक्कर घडवता येते. मोठा ए आणि छोटा ए यांची जोडी घ्या, ६५ गुणिले ३१ अधिक ९७, झाले २११२. आता मोठा बी दोनदा, ६६ गुणिले ३१ अधिक ६६, तेही २११२. या दोन जोड्या हव्या तशा एकापुढे एक लावत गेलात तर एकाच हॅशच्या हव्या तेवढ्या स्ट्रिंग तयार.

अर्धविराम

@जावेद, यावरूनच तर पायथनमध्ये ते यादृच्छिक बीज आलं. स्कॉट क्रॉस्बी आणि डॅन वॉलक यांनी २००३ मध्येच दाखवून दिलं होतं की मुद्दाम एकाच खान्यात जाणाऱ्या की पाठवल्या तर डिक्टचा शोध स्थिर वेळेचा राहत नाही, प्रत्येक नव्या कीला आधीच्या सगळ्यांशी टक्कर. पर्लने त्याच वर्षी बदल केला. बाकीच्यांना डिसेंबर २०११ उजाडावा लागला. बर्लिनच्या केऑस कम्युनिकेशन काँग्रेसमध्ये हाच हल्ला पीएचपी, जावा, पायथन, रूबी अशा अनेकांवर करून दाखवला गेला. एक मोठासा फॉर्म पाठवायचा, त्यातल्या फील्डची नावं एकाच हॅशची, आणि सर्व्हरचा प्रोसेसर घामाघूम. पायथन ३.३ मध्ये, २०१२ साली, बीज आपसूक यादृच्छिक झालं. २०१४ च्या ३.४ मध्ये हॅशचं गणितच बदलून सिपहॅश (गुप्त बीज वापरणारी हॅशची पद्धत) आला.

म्हणजे निद्रानाश यांचा प्रोग्रॅम 'कधीकधी' चालण्यामागे एका जुन्या हल्ल्याचा हात आहे.

जुनाखोड

रच्याकने (बाय द वे), हॅशिंगच्या या कल्पनेची मुळं १९५३ पर्यंत जातात. आयबीएममधल्या हान्स पीटर लून यांनी एका अंतर्गत टिपणात मांडली होती. क्रेडिट कार्डाच्या क्रमांकातला तपासणीचा शेवटचा आकडा ज्यांच्या सूत्राने काढतात ते हेच गृहस्थ.

वाचनमात्र

मग डिक्टमधला क्रम कसा टिकतो? खाने असे उलटसुलट भरले जात असतील तर छापताना टाकल्याच्या क्रमाने कसं येतं?

कंसातला

छान प्रश्न, आणि आधी यायचंच नाही. रेमंड हेटिंगर यांनी २०१२ मध्ये सुचवलं की तक्ता एक न ठेवता दोन ठेवावेत. नोंदी (हॅश, की, व्हॅल्यू) आल्या तशा एकाखाली एक, आणि खान्यांच्या तक्त्यात फक्त 'कितवी नोंद' एवढा आकडा, छोट्या डिक्टमध्ये एका बाइटचा. आधी ८ खाने म्हणजे प्रत्येकी २४ बाइट, १९२. आता ८ बाइटचे खाने आणि ५ नोंदींचे १२०, एकूण १२८. हेतू जागा वाचवणं हा होता, क्रम फुकटात मिळाला. २०१६ च्या ३.६ मध्ये हे आलं, २०१८ च्या ३.७ मध्ये भाषेने क्रमाची हमी दिली. सेटला (व्हॅल्यू नसलेला, नुसत्या वस्तूंचा संच) ती हमी नाही, म्हणून सेट छापून टेस्टमध्ये तुलना करणाऱ्यांच्या टेस्ट आजही अधूनमधून लाल होतात.

जुनाखोड

चर्चा रंगली, पण मूळ माणसाला उपाय कोणी सांगणार का?

सी_शार्पनखा

सांगते. पर्याय एक: भाग हा डेटाक्लास (ईक्यूसारख्या मेथड आपोआप लिहून मिळणारा क्लास) करा, फ्रोझन ट्रू, म्हणजे बदलायला बंदी ठेवून. मग आवृत्ती बदलायला गेलात की त्याच ओळीवर एरर. बदल हवा असेल तेव्हा रिप्लेस वापरून नवा भाग बनवा, जुना साठ्यातून काढा, नवा टाका. हाताने लिहिलेला डंडर हॅश काढून, फ्रोझन न करता नुसता डेटाक्लास केलात तर पायथन त्याचा डंडर हॅश नन (काहीच नाही) करून टाकतो, कारण समानता आहे आणि वस्तू बदलती आहे. 'अनसेफ हॅश' नावाची एक पळवाट आहे, पण ज्या गोष्टीच्या नावातच अनसेफ आहे तिच्या वाटेला कशाला जा.

पर्याय दोन: हॅश आणि समानता फक्त क्रमांकावर ठेवा. डंडर हॅशमधून नुसती आवृत्ती काढूनही नियम मोडत नाही, पण ईक्यूत आवृत्ती ठेवलीत तर जुन्या आवृत्तीची प्रत हातात घेऊन शोधणाऱ्याला ती सापडणार नाही. ते तुम्हाला हवंय का ते तुम्ही ठरवा.

बाळबोध

आणि तोवर तात्पुरतं साठा.कॉपी() केलं तर? नवा डिक्ट, नवे हॅश?

अर्धविराम

नाही! कॉपी साठवलेले हॅशच उचलते, डंडर हॅशला विचारतही नाही. तक्ता मोठा होतानाही तसंच. जुनी चूक नव्या घरात जशीच्या तशी. कॉम्प्रिहेन्शन (एका ओळीत नवा डिक्ट बनवणारा लूप) लिहून एकेक की पुन्हा टाकलीत तर मात्र हॅश नव्याने काढले जातात आणि सगळं जागेवर येतं.

निद्रानाश

थांबा. थांबा थांबा.

आत्ता जुना इतिहास उघडून बघतोय. मंजुरीच्या फंक्शननंतर एक ओळ होती, साठा = साठ्याच्या आयटम्सवर कॉम्प्रिहेन्शन, की तीच, व्हॅल्यू तीच. वर कॉमेंट: 'हे का लागतं माहीत नाही. काढू नये.' तीन आठवड्यांपूर्वी साफसफाईच्या नावाखाली एका शहाण्याने ती काढून तिथे साठा.कॉपी() लिहिलं. कमिटचा संदेश: 'निरर्थक लूप काढला, वेग सुधारला.'

शहाणा मीच.

टिंबटिंब

वेग सुधारला हे खरं. आता फॉल्स लवकर येतो.

निद्रानाश

:)) फ्रोझन करतोय. मंजुरीचं फंक्शन आता नवा भाग परत देतं, आणि ते बोलावणाऱ्या सहा जागा सापडल्या. त्यातल्या दोन ठिकाणी परत आलेला भाग कोणी हातातच घेत नव्हतं, म्हणजे आजची रात्रही गेली.